ईश्वरविद्या, व्यावहारिक

व्यावहारिक ईश्वरविद्या ही ख्रिस्ती ईश्वरविद्येची एक प्रमुख शाखा होय. उपासना, उपदेश, धर्मशिक्षण, आजारी व दुःखी माणसांची विचारपूस, दीनसेवा, मंडळीचे प्रशासन इ. मार्गांनी ख्रिस्ती मंडळी प्रत्यक्षात जे करते, त्याचा श्रद्धेच्या आधारे केलेला चिकित्सक अभ्यास, अशी तिची स्थूल व्याख्या करता येईल. ह्या सर्व कार्याला एकत्रितपणे ‘सेवाकार्य’ म्हणतात. सिद्धांत आधी व सेवाकार्य नंतर, म्हणजे विद्वानांनी सत्य ठरवावे आणि पाळकांनी ते लोकांपर्यंत पोहोचवावे, असा ह्या दोहोंचा संबंध दीर्घकाळ मानला गेला. सेवाकार्य हे सिद्धांताच्या उपयोजनाचे केवळ क्षेत्र नसून ते सिद्धांताची कसोटी पाहते व त्याच्यापुढे नवे प्रश्न ठेवते, हा विचार विसाव्या शतकात प्रभावी ठरला. ह्या शाखेचा इतिहास हा बव्हंशी ह्या दोन भूमिकांच्या परस्परसंबंधाचा इतिहास आहे.

संज्ञा व व्याप्ती : नव्या करारात सेवाकार्य ह्या अर्थी ‘डायकोनिया’ हा ग्रीक शब्द आढळतो. जेवणाऱ्यांना वाढणे, निरोप पोहोचविणे, सोपविलेले काम पार पाडणे अशा त्याच्या अर्थच्छटा आहेत. ‘पास्टर’ ह्या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ मेंढपाळ असा असून मराठी प्रॉटेस्टंट समाजात रूढ असलेला ‘पाळक’ हा शब्दही त्याच रूपकावर आधारलेला आहे. पाळकाच्या वैयक्तिक व कौटुंबिक स्वरूपाच्या सेवेचा विचार करणाऱ्या शास्त्राला ‘पाळकीय ईश्वरविद्या’ म्हणतात. प्रॉटेस्टंट परंपरेत ती व्यावहारिक ईश्वरविद्येची उपशाखा मानली जाते, तर कॅथलिक परंपरेत हीच संज्ञा अनेकदा संपूर्ण शाखेसाठी वापरली जाते. प्रवचनशास्त्र, उपासनाशास्त्र, धर्मशिक्षणशास्त्र, पाळकीय समुपदेशन, शुभवर्तमानप्रसाराचा अभ्यास, मंडळीचे संघटन व समाजसेवा ह्या व्यावहारिक ईश्वरविद्येच्या अन्य प्रमुख उपशाखा होत.

सेवाकार्यातूनच विचाराला व व्यवस्थेला चालना मिळते, ह्याचे प्राचीन उदाहरण नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आढळते. जेरूसलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार पुढे आली. प्रेषितांनी ती किरकोळ मानली नाही. त्यांनी सर्व मंडळीला एकत्र बोलावले व त्या कामासाठी सात जण निवडून घेतले. चर्चमधील सेवकपदाचा उगम परंपरेने ह्या प्रसंगाशी जोडला जातो. एका व्यावहारिक अडचणीतून समता, अधिकार आणि सेवा ह्यांविषयीचा प्रश्न उभा राहिला व त्याच्या उत्तरातून मंडळीची नवी रचना आकारास आली.

ऐतिहासिक विकास : पहिल्या काही शतकांत पाळकीय सेवेविषयीचे लेखन मुख्यतः धर्माधिकाऱ्यांना केलेल्या उपदेशाच्या स्वरूपाचे होते. जॉन क्रिसोस्टोम (सु. ३४७–४०७) ह्याने धर्मगुरुपदाच्या जबाबदारीवर संवादरूप ग्रंथ लिहिला. पोप पहिला ग्रेगरी (सु. ५४०–६०४) ह्याचा पाळकीय नियमांवरील ग्रंथ सु. ५९० मध्ये सिद्ध झाला व मध्ययुगात तो सर्वत्र प्रमाणभूत मानला गेला. त्याच्या विस्तृत अशा तिसऱ्या भागात स्त्री व पुरुष, तरुण व वृद्ध, गरीब व श्रीमंत, आनंदी व खिन्न अशा परस्परभिन्न लोकांना कोणकोणत्या रीतीने बोध करावा, ह्याचे विवेचन आहे. एकच सत्य सर्वांना एकाच शब्दांत सांगता येत नाही, हे त्यामागील सूत्र होय. ऐकणाऱ्याची अवस्था जाणणे हा उपदेशाचाच भाग आहे, ही जाणीव येथे स्पष्टपणे दिसते.

चौथ्या लॅटरन परिषदेने १२१५ मध्ये प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम केला. निवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूने कुशल वैद्याप्रमाणे पापाची परिस्थिती विचारून मगच उपाय सांगावा, अशी सूचनाही तीत होती. ह्या नियमामुळे धर्मगुरूंसाठी मार्गदर्शक पुस्तिकांची मोठी परंपरा निर्माण झाली. मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) ह्याने १५२० मध्ये सर्व श्रद्धावंतांच्या याजकत्वाचा सिद्धांत मांडला. धर्माधिकारी व सामान्य ख्रिस्ती ह्यांच्यात आध्यात्मिक दर्जाचा भेद नसून केवळ कार्याचा भेद आहे, हे त्याचे प्रतिपादन सेवाकार्याच्या कल्पनेला वेगळे वळण देणारे ठरले. कॅथलिक पंथात ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी गुरुविद्यालये स्थापण्याचा आदेश दिला.

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये रिचर्ड बॅक्स्टर (१६१५–९१) ह्याने किडरमिन्स्टर येथील आपल्या अनुभवावर आधारलेला पाळकसेवेवरील ग्रंथ १६५६ मध्ये प्रसिद्ध केला. तो व त्याचा सहकारी आठवड्यातील दोन दिवस कुटुंबांच्या भेटीसाठी राखून ठेवत आणि वर्षभरात आठशेहून अधिक कुटुंबांशी स्वतंत्रपणे बोलत. केवळ व्यासपीठावरून केलेल्या उपदेशाने लोकांना काय समजले, हे कळत नाही. ते समजून घेण्यासाठी घरोघर प्रश्नोत्तरे करावी लागतात, असे त्याचे मत होते.

विद्यापीठीय शाखेचा उदय : अठराव्या शतकापर्यंत हे सर्व ज्ञान अनुभवी पाळकाने नवख्याला दिलेल्या शिकवणीच्या रूपात होते. ऑस्ट्रियात मारिया टेरेसाच्या कारकीर्दीत फ्रांट्स श्टेफान राउटनश्ट्राउख (१७३४–८५) ह्या बेनिडिक्टिन मठाधिपतीने १७७४ मध्ये ईश्वरविद्येच्या अभ्यासक्रमाची नवी योजना तयार केली. तिच्यात पाळकीय ईश्वरविद्येला विद्यापीठातील स्वतंत्र विषयाचे स्थान मिळाले. धर्मगुरू हा राज्याच्या दृष्टीनेही उपयुक्त सेवक व्हावा, असा हेतू त्या सुधारणेमागे होता.

प्रॉटेस्टंट पंथात ह्या शाखेला तात्त्विक पाया देण्याचे श्रेय फ्रीड्रिख श्लायरमाखर (१७६८–१८३४) ह्या जर्मन विचारवंताला दिले जाते. बर्लिन विद्यापीठाची स्थापना होत असताना ईश्वरविद्या हा विद्यापीठाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न विचारला जात होता. वैद्यक व विधी ही शास्त्रे ज्याप्रमाणे आरोग्य व न्याय ह्या सामाजिक गरजांमुळे एकसंध राहतात, त्याप्रमाणे ईश्वरविद्येच्या विविध अभ्यासांना मंडळीचे नेतृत्व ह्या गरजेमुळे एकत्व येते, असे उत्तर त्याने दिले. ईश्वरविद्येच्या अभ्यासाची रूपरेषा मांडणाऱ्या १८११ च्या पुस्तकात त्याने तिचे तत्त्वज्ञानात्मक, ऐतिहासिक व व्यावहारिक असे तीन विभाग केले व त्यांना अनुक्रमे वृक्षाचे मूळ, खोड व शेंडा म्हटले.

ह्या रूपकामुळे व्यावहारिक ईश्वरविद्येला मानाचे स्थान मिळाले, पण त्यात एक मर्यादाही होती. रस मुळाकडून शेंड्याकडे जातो. शेंड्याला मिळणारा प्रकाश मुळाला काही देतो, हा भाग दुर्लक्षित राहिला. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक शिक्षणसंस्थांत प्रवचन कसे करावे, विधी कसे चालवावेत, दप्तर कसे ठेवावे अशा कौशल्यांपुरताच हा विषय उरला. एडवर्ड फार्ली (१९२९–२०१४) ह्या अमेरिकन विद्वानाने १९८३ मध्ये ह्या प्रवृत्तीवर कठोर टीका केली. ईश्वरविद्या म्हणजे धर्माधिकाऱ्याच्या व्यवसायाची तयारी असे समीकरण झाल्याने ती सामान्य ख्रिस्ती माणसाच्या हातून निसटली, असे त्याचे म्हणणे होते.

विसाव्या शतकातील परिवर्तन : ह्या दृष्टिकोनाला पहिला मोठा धक्का एका रुग्णालयातून बसला. अँटन बॉइसन (१८७६–१९६५) हा अमेरिकन धर्मोपदेशक १९२० मध्ये तीव्र मनोविकाराने आजारी पडला व त्याला दीर्घकाळ मनोरुग्णालयात राहावे लागले. आपल्या आजारात धार्मिक अनुभवाचाही अंश होता, परंतु तो समजून घेण्याची पात्रता वैद्यांजवळ नव्हती व पाळकांजवळही नव्हती, असे त्याला आढळून आले. १९२४ मध्ये तो मॅसॅचूसेट्स राज्यातील वुस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मोपदेशक म्हणून रुजू झाला व १९२५ पासून त्याने ईश्वरविद्येच्या विद्यार्थ्यांना तेथे कामासाठी आणले. ग्रंथांचे जसे बारकाईने वाचन करतात, तसेच माणसांचेही करावे. प्रत्येक रुग्ण हा एक जिवंत दस्तऐवज आहे, अशी त्याची धारणा होती.

ह्यातून विकसित झालेली रुग्णालयीन पाळकशिक्षणाची पद्धती आज अनेक देशांत रूढ आहे. तीत विद्यार्थी रुग्णाशी झालेले संभाषण आठवून शब्दशः लिहून काढतो व मार्गदर्शक आणि सहाध्यायी ह्यांच्यासमोर ते वाचतो. रुग्णाने मृत्यूचे भय बोलून दाखविल्यावर विद्यार्थ्याने विषय बदलला काय, प्रार्थना ही रुग्णासाठी केली की स्वतःची अस्वस्थता झाकण्यासाठी, अशा प्रश्नांची चर्चा होते. अशा रीतीने सेवा करणाऱ्याची श्रद्धाही तपासली जाते. सीवर्ड हिल्टनर (१९०९–८४) ह्याने १९५८ मध्ये ह्या अनुभवांना शास्त्रीय चौकट दिली. पाळकीय कृतींच्या परीक्षणातूनही ईश्वरविषयक ज्ञान निष्पन्न होते, असे त्याने प्रतिपादन केले. उलट एडुआर्ट टुर्नाइझेन (१८८८–१९७४) ह्या स्विस ईश्वरविद्यावेत्त्याने पाळकीय संभाषण हे मूलतः ईश्वरी वचनाची घोषणा होय व मानसशास्त्र हे तिचे साहाय्यक शास्त्र होय, असा आग्रह धरला.

कॅथलिक परंपरेत जोझेफ कार्डाइन (१८८२–१९६७) ह्या बेल्जियन धर्मगुरूने तरुण कामगारांमध्ये ‘पाहा, पारखा, कृती करा’ ही त्रिसूत्री रुजविली. पोप तेविसाव्या जॉनने १९६१ च्या परिपत्रात तिचा पुरस्कार केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) आधुनिक जगातील चर्चविषयीच्या दस्तऐवजाला ‘पाळकीय संविधान’ असे नाव दिले व सिद्धांत आणि पाळकीय कार्य ही एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, हे स्पष्ट केले. पेरू देशातील गुस्ताव्हो गूत्येर्रेस (१९२८–२०२४) ह्याने १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात गरिबांच्या मुक्तीसाठी केलेली कृती प्रथम व ईश्वरविद्या ही तिच्यावरील चिकित्सक चिंतनाच्या रूपाने द्वितीय, असा क्रम सांगितला. श्लायरमाखरच्या वृक्षाच्या रूपकाची दिशा येथे जवळजवळ उलट झालेली दिसते.

अभ्यासपद्धती : अमेरिकन विद्वान डॉन ब्राउनिंग (१९३४–२०१०) ह्याने १९९१ मध्ये सर्वच ईश्वरविद्या मूलतः व्यावहारिक असून ती आचारापासून विचाराकडे व पुन्हा आचाराकडे जाते, असे मांडले. रिचर्ड ऑस्मर ह्याने २००८ मध्ये ह्या शाखेची चार कार्ये सांगितली : प्रत्यक्ष परिस्थितीचे वर्णन करणे, तिची कारणे समाजशास्त्र, मानसशास्त्र इ. शास्त्रांच्या साहाय्याने शोधणे, धर्मग्रंथ व परंपरा ह्यांच्या आधारे योग्य काय ते ठरविणे आणि त्यानुसार कृतीची आखणी करणे. मुलाखती, निरीक्षण, सर्वेक्षण ह्या सामाजिक शास्त्रांच्या पद्धतींचा वापर त्यासाठी केला जातो. तथापि जे आहे त्यावरून जे असावे ते आपोआप निष्पन्न होत नाही. म्हणूनच तिसरे कार्य अपरिहार्य ठरते.

आत्महत्या केलेल्या व्यक्तीच्या अंत्यविधीचा प्रश्न हे ह्या परस्परसंबंधाचे बोलके उदाहरण होय. हत्या न करण्याची आज्ञा स्वतःलाही लागू होते, हा संत ऑगस्टीनचा निर्णय प्रमाण मानला गेला. सहाव्या शतकात ब्रागा (पोर्तुगाल) येथील धर्मपरिषदेने अशा मृतांना धार्मिक अंत्यविधी नाकारला. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातही दफनविधी त्यांच्यासाठी वापरू नये, अशी सूचना होती. कॅथलिक धर्मसंहितेतही (१९१७) समजूनउमजून आत्महत्या करणाऱ्यांना हा विधी वर्ज्य होता. तर्काच्या दृष्टीने हे सुसंगत होते. परंतु पाळकाला प्रत्यक्ष गाठ पडे ती शोकाकुल आईवडिलांशी आणि ज्याची मनःस्थिती आधीपासून ढासळत गेली होती अशा मृताच्या आठवणींशी. मृताला शिक्षा म्हणून योजिलेला नियम प्रत्यक्षात जिवंत कुटुंबाला शिक्षा करीत होता. मनोविकारांविषयीचे वैद्यकीय ज्ञान वाढले, तसा संशयाचा फायदा मृताला देण्याचा प्रघात धर्मगुरूंमध्ये पडत गेला. अखेर १९८३ च्या नव्या संहितेत अंत्यविधी नाकारावयाच्या व्यक्तींच्या यादीतून आत्महत्या करणाऱ्यांचा उल्लेख गाळण्यात आला. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने तीव्र मानसिक व्यथेमुळे व्यक्तीचे उत्तरदायित्व कमी होऊ शकते, हे मान्य केले. जीवनाच्या पावित्र्याचा सिद्धांत येथे सोडलेला नाही. माणसाच्या उत्तरदायित्वाविषयीची समज मात्र बदलली आणि त्या बदलात सेवाकार्यातील अनुभवाचा वाटा आहे.

भारतातील व महाराष्ट्रातील संदर्भ : भारतातील सेवाकार्यापुढे भाषा, उपासनेचे स्वरूप, दारिद्र्य व जाती हे प्रश्न प्रथमपासून आहेत. गोव्यात टॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने क्रिस्तपुराण (१६१६) मराठी ओवीत रचले, ते नवख्रिस्ती लोकांना पुराणश्रवणाची जी सवय होती तिला अनुसरून. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले व पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे त्याचे मोठे केंद्र बनले. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) ह्यांनी अभंग व कीर्तन ह्या रूपांचा ख्रिस्ती उपासनेत व उपदेशात वापर केला आणि अखेरच्या काळात मिशनच्या चौकटीबाहेर ‘देवाचा दरबार’ (१९१७) हा बंधुसंघ स्थापिला. कीर्तन हे त्यांच्या दृष्टीने परक्या विचाराचे देशी वेष्टण नव्हते. भक्तिपरंपरेच्या भाषेत ख्रिस्ताचा विचार केल्याने त्या विचारालाच नवे परिमाण लाभते, अशी त्यांची श्रद्धा होती.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्यांना कोणतेही धर्माधिकारपद नव्हते. तरीही १८९६–९७ च्या दुष्काळातील निराधार स्त्रियांसाठी त्यांनी केडगाव येथे उभारलेले कार्य हे महाराष्ट्रातील ख्रिस्ती सेवाकार्याचे ठळक उदाहरण मानले जाते. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल असे बायबल हवे, ह्या गरजेतून त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्याचे सोप्या मराठीत भाषांतर केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वसई परिसरातील कॅथलिक मंडळींत मराठी उपासनेला वाव मिळाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (मृ. २०२४) ह्यांनी सुवार्ता मासिकाचे संपादन व सुबोध बायबलचे लेखन ह्यांबरोबरच ‘हरित वसई’ चळवळीचे नेतृत्व केले. भूमी व पाणी ह्यांचे रक्षण हाही त्यामुळे धर्मगुरूच्या सेवेचा विषय ठरला.

जातिभेदाचा प्रश्न अधिक मूलगामी आहे. सर्व जण ख्रिस्तात एक आहेत, अशी शिकवण देणाऱ्या मंडळींतही भारताच्या काही भागांत स्वतंत्र आसने व स्वतंत्र दफनभूमी टिकून राहिल्या. अरविंद निर्मळ ह्यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथील व्याख्यानात शूद्र ईश्वरविद्येची कल्पना मांडली. तिच्यातून पुढे दलित ईश्वरविद्या विकसित झाली. ख्रिस्ती समाजातील बहुसंख्यांचा अनुभव ज्या ईश्वरविद्येत उमटत नाही ती अपुरी होय, हा तिचा आक्षेप आहे. येथे आचारातील विसंगती ही केवळ उपदेशाने दूर करावयाची उणीव राहत नाही. स्वीकृत विचारसरणीतच काय राहून गेले, हा प्रश्न ती विचारते.

मूल्यमापन : व्यावहारिक ईश्वरविद्येवर दोन बाजूंनी टीका होते. अनुभवाला इतके महत्त्व दिल्यास काळाच्या ओघात जे रूढ होईल तेच सत्य ठरेल, अशी भीती एक पक्ष व्यक्त करतो. दुसऱ्या पक्षाच्या मते, ही शाखा अजूनही संस्थेच्या व धर्माधिकाऱ्यांच्या सोयीचा विचार अधिक करते. धर्मगुरूंकडून बालकांवर झालेले अत्याचार व ते दडपण्याचे वरिष्ठांचे प्रयत्न २००२ नंतर अमेरिका, आयर्लंड आदी देशांत मोठ्या प्रमाणावर उघडकीस आले, तेव्हा ह्या दुसऱ्या टीकेचे गांभीर्य स्पष्ट झाले. मेंढपाळाच्या रूपकात कळपाने विश्वास ठेवावा हे गृहीत असते, परंतु मेंढपाळावर कोणी लक्ष ठेवावे ह्याचे उत्तर नसते. पोप फ्रान्सिसने २०१९ मध्ये अशा तक्रारींची माहिती वरिष्ठांना देणे धर्मगुरूंना बंधनकारक केले. अधिकाराचे नियमन, पीडितांचे ऐकून घेणे व सामान्य सभासदांचा सहभाग हे त्यामुळे ह्या शाखेच्या अभ्यासाचे महत्त्वाचे विषय झाले आहेत.

दोन्ही टीकांमध्ये तथ्य आहे. परंपरेचा आधार सुटलेले सेवाकार्य समाजकार्याहून वेगळे उरत नाही आणि सेवाकार्यापासून दूर गेलेला सिद्धांत माणसांवर काय परिणाम करतो, हे त्याला स्वतःला कळत नाही. रुग्णशय्या, दफनभूमी, दुष्काळछावणी व कामगारवस्ती येथे उद्‌भवणाऱ्या प्रश्नांना ईश्वरविद्येत स्थान मिळवून देणे आणि त्या प्रश्नांची उत्तरे पुन्हा त्याच ठिकाणी पडताळून पाहणे, हे व्यावहारिक ईश्वरविद्येचे विशेष कार्य होय.